‘शुगर लो होते’ म्हणजे नेमकं काय? क्रोमियमचा एक जुना पेपर वाचताना

जेवून दोन-तीन तास झाले की हात थरथरतात, घाम फुटतो, डोकं हलकं होतं, उगाच चिडचिड होते. घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘शुगर लो झाली असेल, गुळाचा खडा टाक तोंडात.’ गूळ खाल्ला, दहा मिनिटांत बरं वाटलं. झालं, निदान पक्कं! मग पुढचा सल्ला ठरलेला असतो: साखर-मैदा बंद करा, दर दोन-तीन तासांनी थोडंथोडं खा, प्रोटीन वाढवा, आणि सोबत क्रोमियमची गोळी सुरू करा.

यातल्या गोळीबद्दल हमखास सांगितलं जातं की ‘यावर संशोधन झालंय.’ झालंय, हे खरं आहे. तेच आज उघडून बघू. तुमच्यापैकी जे पोषणशास्त्र, फार्मसी, बायोकेमिस्ट्री किंवा होम सायन्समधून पीएचडीला यायच्या तयारीत आहेत, पेटचा अभ्यास करताहेत, सिनॉप्सिस लिहिताहेत, त्यांच्यासाठी हा पेपर मी मुद्दाम निवडलाय. कारण तो वाईट पेपर नाही. वाईट पेपर फाडून काढणं सोपं असतं, त्यातून शिकायला फारसं मिळत नाही.

एक खुलासा आधीच करते. ज्यांना मधुमेह आहे आणि जे इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेतात, त्यांची साखर खरोखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. त्यांनी वाद घालत बसायचं नसतं, लगेच ग्लुकोज घ्यायचं असतं. इथे विषय आहे तो मधुमेह नसलेल्या आणि ‘माझी शुगर जेवणानंतर लो होते’ असं म्हणणाऱ्या माणसांचा. वैद्यकीय भाषेत याला रिॲक्टिव्ह हायपोग्लायसेमिया म्हणतात.

आता पेपर. 1987, ‘मेटाबॉलिझम’ नावाचं जर्नल, रिचर्ड अँडरसन आणि सहकारी. अँडरसन अमेरिकेच्या कृषी खात्याच्या बेल्ट्सव्हिल इथल्या मानवी पोषण केंद्रातले, क्रोमियमवर आयुष्यभर काम केलेले शास्त्रज्ञ. त्यांनी रिॲक्टिव्ह हायपोग्लायसेमियाची लक्षणं असलेल्या 8 स्त्रियांना तीन महिने रोज 200 मायक्रोग्रॅम क्रोमियम दिलं, क्रोमिक क्लोराइडच्या रूपात. डिझाइन डबल-ब्लाइंड क्रॉसओव्हर. म्हणजे प्रत्येकीला कधी क्रोमियम, कधी प्लासिबो, आणि कोणत्या वेळी काय चालू आहे हे ना तिला ठाऊक, ना मोजणाऱ्याला. निष्कर्ष असा: क्रोमियमच्या काळात लक्षणं कमी झाली, ग्लुकोज प्यायल्यानंतर दोन ते चार तासांत साखर जी सर्वांत खाली जाते ती तितकी खाली गेली नाही, आणि तांबड्या पेशींवर इन्शुलिन चिकटण्याचं प्रमाणही सुधारलं.

पहिल्या वाचनात सगळं जमून आलेलं दिसतं. प्लासिबो आहे, ब्लाइंडिंग आहे, लक्षणं आणि रक्तातला आकडा दोन्ही एकाच दिशेने गेलेत, वर कारण काय असावं याचाही अंदाज आहे. मग अडतं कुठे?

बहुतेक विद्यार्थी लगेच हात वर करतात: ‘सॅम्पल साइझ!’ बरोबर आहे, पण नुसतं ‘सॅम्पल लहान आहे’ म्हणणं ही टीका नव्हे, ती सवय झाली. लहान असल्याने काय बिघडतं ते आकड्यात दाखवा. समजा, आपण सगळ्यात साधी साइन टेस्ट लावली (पेपरमध्ये हीच लावली असं मी म्हणत नाहीये, फक्त उदाहरण). आठच्या आठ जणी सुधारल्या तर दोन्ही बाजूंनी मोजलेली पी व्हॅल्यू येते 0.008. झकास! आठपैकी सात सुधारल्या आणि एक बिघडली, तर तीच पी व्हॅल्यू 0.07. म्हणजे एका बाईचा एक वाईट आठवडा, एका दिवशीचं जागरण किंवा आदल्या रात्रीचं वेगळं जेवण, आणि निष्कर्ष रेषेच्या अलीकडचा पलीकडे. त्यात ग्लुकोज, इन्शुलिन, रिसेप्टर, लक्षणं अशा अनेक गोष्टी मोजल्या की त्यातली एखादी नुसत्या योगायोगाने ‘सिग्निफिकंट’ निघण्याची शक्यता वाढते. क्रॉसओव्हरमध्ये आणखी एक बघायचं असतं: आधीच्या औषधाचा परिणाम पुढच्या टप्प्यात झिरपतो का? ज्याला आधी क्रोमियम आणि मग प्लासिबो मिळालं, त्याच्या प्लासिबोच्या काळात क्रोमियम शरीरात उरलेलं असू शकतं. असा कोणताही पेपर वाचताना मधला रिकामा काळ किती ठेवला होता ते आधी शोधा.

हे सगळं खरं असलं तरी माझ्या मते हा दुय्यम भाग आहे. आठांच्या जागी आठशे जणी घेतल्या असत्या तरी माझा मुख्य आक्षेप जसाच्या तसा राहिला असता. तो आक्षेप औषधावर नाही, आजारावर आहे. या आठ जणींना नेमकं झालं काय होतं?

चाचणीत सापडणारा आजार

जरा मागे जाऊ. 1921-22 मध्ये टोरांटोत इन्शुलिन हाती आलं आणि डॉक्टरांनी पहिल्यांदाच बघितलं की डोस जास्त झाला की माणूस थरथरतो, घामाघूम होतो, गोंधळतो. अमेरिकेतल्या अलाबामाचे सील हॅरिस यांच्या लक्षात आलं की अशीच लक्षणं सांगणारे काही लोक इन्शुलिन घेतच नाहीत. 1924 मध्ये त्यांनी मांडलं की यांच्या शरीरातच इन्शुलिन जास्त तयार होत असावं. कल्पना सुंदर होती, आणि काही थोड्या लोकांबाबत खरीही निघाली: स्वादुपिंडात इन्शुलिन बनवणारी गाठ असेल तर हेच होतं. कमी साखरेचं, थोडंथोडं आणि वारंवार खाण्याचं पथ्य चालू झालं ते या विचारातून.

पुढे मात्र कल्पना आजारापेक्षा मोठी झाली. थकवा, उदासी, चिडचिड, डोकेदुखी, जे काही असेल त्याचं खापर ‘लो शुगर’वर फुटू लागलं. 1970 च्या दशकात अमेरिकेत याची इतकी लाट आली की 1973 मध्ये मधुमेह संघटना, वैद्यक संघटना आणि एंडोक्राइन सोसायटी अशा तीन संस्थांना मिळून निवेदन काढावं लागलं की अशी लक्षणं असलेल्या बहुतेकांना हायपोग्लायसेमिया नसतोच. पुढच्याच वर्षी न्यू इंग्लंड जर्नलमध्ये एका लेखाने या प्रकाराला ‘नॉन-हायपोग्लायसेमिया’ असं खोचक नाव दिलं.

मग इतक्या लोकांचं निदान होत होतं कशावर? पाच तासांच्या ग्लुकोज टॉलरन्स टेस्टवर. उपाशीपोटी ग्लुकोजचं पाणी प्यायचं आणि ठरावीक वेळाने रक्त द्यायचं. आता तुम्हीच विचार करा, आपण जेवतो असं? वरण-भात, भाजी, पोळी, वर दही, यात स्टार्चबरोबर प्रोटीन असतं, तेल-तूप असतं, चोथा असतं. ते पोटातून सावकाश पुढे सरकतं. नुसतं ग्लुकोजचं पाणी भर्रकन उतरतं, साखर झपकन चढते, इन्शुलिन उसळतं आणि तिसऱ्या-चौथ्या तासाला साखर मूळ पातळीच्याही खाली जाते. हे पुष्कळ निरोगी माणसांत होतं.

किती निरोगी माणसांत? 1981 मध्ये ‘डायबेटिस’ जर्नलमध्ये लेव्ह-रान आणि अँडरसन (हे अँडरसन वेगळे) यांनी 650 जणांच्या अशा चाचण्या मांडल्या. दर दहातल्या एकाची साखर सर्वांत खालच्या बिंदूला 47 मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी होती. म्हणजे ‘50 च्या खाली गेली की आजार’ असा नियम लावला तर रस्त्यावरून उचललेला दहावा माणूस पेशंट. त्याच वर्षी, त्याच जर्नलमध्ये चार्ल्स आणि सहकाऱ्यांनी याहून साधी गोष्ट केली. या चाचणीत ज्यांची साखर कमी दिसली होती त्यांना नेहमीसारखं मिश्र जेवण दिलं आणि पुन्हा मोजलं. जेवणानंतर साखर कमी झालीच नाही.

तारखा बघा. 1981 मध्ये चाचणीचा पायाच डळमळला होता. 1987 च्या क्रोमियमच्या पेपरमध्ये परिणाम मोजलाय तो कशानंतर? ग्लुकोज प्यायल्यानंतर. क्रोमियमने त्या चाचणीतला खोलगट बिंदू वर आला, हे अगदी खरं मानलं तरी सिद्ध काय झालं? एवढंच, की प्रयोगशाळेत निर्माण केलेली घट प्रयोगशाळेत थोडी कमी झाली. त्या बायकांना दुपारी चार वाजता ऑफिसात जी थरथर होत होती, तिचा त्या बिंदूशी काही संबंध होता का, हा प्रश्न तसाच राहिला.

त्या प्रश्नाला थेट भिडणारा अभ्यास दोन वर्षांनी आला. 1989, न्यू इंग्लंड जर्नल, पलार्दी आणि सहकारी. त्यांनी 28 पेशंटना सांगितलं, लक्षणं येतील तेव्हा, असाल तिथे, बोटातून रक्ताचा थेंब काढून फिल्टर पेपरवर टिपा. इतकी सरळ युक्ती की आपल्याला का नाही सुचली असं वाटावं. निकाल असा की बहुतेक वेळा लक्षणं होती पण साखर कमी नव्हती.

इथे घाई करून ‘म्हणजे पेशंट नाटकं करतात’ असं म्हणू नका. व्हायव्हात कुणी असं बोललं तर मला राग येतो. थरथर खरी असते, घाम खरा असतो. ही सगळी ॲड्रिनलिनची लक्षणं आहेत, आणि ॲड्रिनलिन वाढायला साखर कमीच व्हावी लागते असं नाही. चिंता, अपुरी झोप, जास्त झालेला चहा-कॉफी, काहीही पुरतं. आणि गूळ खाल्ल्यावर बरं वाटणं? असे झटके आपोआप ओसरतात. ओसरायच्या सुमाराला जे खाल्लं त्याला श्रेय मिळतं.

मग खरी ‘लो शुगर’ ओळखायची कशी?

याचं उत्तर 1930 च्या दशकातच एका सर्जनने दिलंय. ॲलन व्हिपल स्वादुपिंडाच्या त्या गाठी कापून काढायचे, आणि नको त्या माणसाचं पोट उघडायला लागू नये म्हणून त्यांना पक्की कसोटी हवी होती. तीन गोष्टी एकत्र हव्यात: लक्षणं, त्याच वेळी मोजलेली कमी साखर, आणि साखर वर आणल्यावर लक्षणं जाणं. याला व्हिपलचं त्रिकूट म्हणतात. 2009 च्या एंडोक्राइन सोसायटीच्या मार्गदर्शक सूचना अजूनही याच त्रिकुटावर उभ्या आहेत: मधुमेह नसलेल्या माणसात ते दिसलं तरच पुढच्या तपासण्या करा, आणि जेवणानंतरचा त्रास असेल तर ग्लुकोजच्या पाण्याऐवजी मिश्र जेवण देऊन मोजा.

‘मी तर घरी ग्लुकोमीटरवर मोजलं, 62 आलं,’ असं कुणी म्हणेल. ग्लुकोमीटरसाठीचं आयएसओचं 2013 चं मानक असं आहे की 100 च्या खालचे 95 टक्के आकडे प्रयोगशाळेच्या आकड्यापासून 15 मिलिग्रॅमच्या आत असले की यंत्र पास. म्हणजे तुमचे 62 प्रत्यक्षात 75 असू शकतात, ज्यात काहीच वावगं नाही, किंवा 50 असू शकतात, ज्याची चौकशी व्हायलाच हवी. मधुमेहींना रोजची दिशा कळावी म्हणून ते यंत्र उत्तम आहे. निदानासाठी शिरेतलं रक्त प्रयोगशाळेतच मोजावं लागतं.

आता क्रोमियमविषयी थोडं, कारण तिथेही पाया हललाय. 1959 मध्ये श्वार्झ आणि मर्ट्झ यांनी उंदरांच्या आहारातल्या क्रोमियमचा आणि साखर जिरण्याचा संबंध जोडला. त्यानंतर ते ‘आवश्यक’ मूलद्रव्यांच्या यादीत जाऊन बसलं. अडचण अशी की जुन्या काळी रक्तातलं क्रोमियम मोजताना सुईच्या, भांड्यांच्या स्टीलमधलंच क्रोमियम नमुन्यात मिसळायचं. मोजणी सुधारत गेली तसे ‘नॉर्मल’ आकडे कित्येक पटींनी खाली आले. (स्टीलच्या पातेल्यात आंबट आमटी उकळली तरी थोडं क्रोमियम उतरतं, त्यामुळे आपल्याकडे कमतरता सिद्ध करणं आणखीच अवघड.) 2014 मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने सगळा पुरावा तपासून सांगितलं की क्रोमियम माणसाला आवश्यक आहे असं मानायला पुरेसा आधार नाही, आणि रोजची शिफारस ठरवायचंच नाकारलं.

कुणी म्हणेल, ‘गोळीने फायदा नसेल, पण नुकसान काय?’ नुकसान दोन प्रकारचं. एक म्हणजे खरा आजार झाकला जातो. स्वादुपिंडाची गाठ दुर्मीळ असते, पण तिचा पेशंट वर्षानुवर्षं खाऊन-खाऊन लक्षणं दाबतो, वजन वाढवून बसतो, आणि निदान लांबतं. उपाशीपोटी, पहाटे किंवा व्यायामानंतर होणारा त्रास, बोलणं असंबद्ध होणं, शुद्ध हरपणं, हे ‘थोडंथोडं खा’ म्हणून सोडून द्यायचं प्रकरण नाही. घरातल्या मधुमेहीची गोळी चुकून घेतली गेली का, हेही बघावं लागतं.

दुसरं नुकसान मला जास्त अस्वस्थ करतं. साखरेच्या नावाने विकलं जाणारं एक सप्लिमेंट स्वतःच साखर पाडू शकतं. अल्फा-लिपोइक ॲसिड. आपल्याकडे मधुमेहींच्या पायांच्या मुंग्यांसाठीच्या व्हिटॅमिनच्या गोळ्यांत ते सर्रास मिसळलेलं असतं. काही विशिष्ट जनुकीय ठेवण असलेल्या माणसांत त्याने इन्शुलिनविरुद्ध अँटिबॉडी तयार होतात. त्या इन्शुलिनला धरून ठेवतात आणि नको त्या वेळी सोडतात, की साखर धाडकन खाली. हा आजार 1970 मध्ये जपानमध्ये हिराता यांनी वर्णन केला. युरोपच्या त्याच संस्थेने 2021 मध्ये म्हटलं की किती डोसच्या खाली हा धोका नाही, हे ठरवता येत नाही. तेव्हा पेशंटची हिस्टरी घेताना ‘औषधं कोणती?’ एवढ्यावर थांबू नका. लोक व्हिटॅमिनला औषध म्हणत नाहीत.

आहाराने साखर खरंच सांभाळता येते, तिथला पुरावा

इतकं वाचून तुम्हाला वाटेल, ‘आहाराने लो शुगर टाळा’ हे सगळंच थोतांड. तसं नाही. जठराच्या बायपास शस्त्रक्रियेनंतर काहींची साखर जेवणानंतर खरोखर कोसळते, आणि तिथे एका वेळचं पिष्टमय अन्न कमी करणं हाच पहिला उपचार असतो. पण मला बिहारमधलं मुझफ्फरपूरचं उदाहरण द्यायचंय, कारण तिथे पणाला मुलांचे जीव होते, आणि पुरावा कसा बांधायचा हेही तिथे दिसतं.

तिथे दर उन्हाळ्यात, लिचीच्या हंगामात, मुलं पहाटे झटके येऊन बेशुद्ध व्हायची आणि दगावायची. वर्षानुवर्षं मेंदूज्वराचा विषाणू शोधला जात होता. 2014 च्या हंगामात राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र आणि अमेरिकेच्या सीडीसीने दोन मोठ्या रुग्णालयांत अभ्यास केला. 390 मुलं दाखल झाली, 122 दगावली. पेशंट म्हणजे कोण, हे आधी लिहून ठेवलं होतं: पंधरा वर्षांपर्यंतचं मूल, नव्याने झटके किंवा शुद्धीत बदल. मग दाखल होताना साखर मोजली. 327 मुलांपैकी 204 जणांची, म्हणजे 62 टक्क्यांची, 70 किंवा त्याहून कमी. 104 आजारी मुलांची त्याच वयाच्या 104 इतर मुलांशी तुलना केली: लिची खाण्याशी मॅच्ड ऑड्स रेशो 9.6, रात्री न जेवण्याशी 2.2, आणि रात्री उपाशी राहिलेल्यांत लिचीचा संबंध अधिक ठळक. वर यंत्रणाही तपासली. लिचीत हायपोग्लायसिन ए आणि एमसीपीजी ही द्रव्यं असतात, ती चरबीपासून ऊर्जा मिळवण्याची वाट अडवतात. ज्या कृश मुलाच्या यकृतातला ग्लायकोजेनचा साठा रात्रीच्या उपासाने संपलाय, त्याला नवी साखर बनवता येत नाही. तपासलेल्या 73 आजारी मुलांपैकी 48 जणांच्या लघवीत या द्रव्यांचे अंश सापडले, तुलनेतल्या 15 जणांपैकी एकाच्याही नाही.

त्यातून आलेला सल्ला बघा किती साधा: मुलाला रात्री जेवल्याशिवाय झोपू देऊ नका, लिची बेताने द्या, आणि असं मूल दवाखान्यात आलं की आधी साखर मोजून ग्लुकोज द्या. इथेही प्रश्न विचारायला जागा आहे. उरलेल्या 38 टक्के मुलांची साखर कमी नव्हती, त्यांचं काय? एका हंगामाचा निष्कर्ष दुसऱ्या हंगामाला जसाच्या तसा लागू होईल का? कुपोषणाचा वाटा किती? हे प्रश्न घेऊन तुम्ही पुढचा अभ्यास आखू शकता, कारण मोजमाप योग्य जागी झालेलं आहे. 1987 च्या पेपरपुढे ती सोय नाही.

आता तुमच्या सिनॉप्सिसकडे. गेल्या काही वर्षांत या विषयावर प्रपोजल लिहिणाऱ्याला एक नवं खेळणं मिळालंय: दंडावर चिकटवायचा ग्लुकोज सेन्सर. दर काही मिनिटांनी आकडा, पंधरा दिवस. ‘अमुक भरड धान्याने किंवा तमुक काढ्याने लो शुगरचे प्रसंग कमी होतात’ असा विषय लगेच सुचतो. सुचला तर आधी एक आकडा शोधनिबंधांच्या आढाव्यात लिहा: 2019 च्या एका अमेरिकन अभ्यासात पूर्ण निरोगी माणसांनीही हा सेन्सर लावल्यावर दिवसातली साधारण 15 मिनिटं 70 च्या खाली भरली. तेव्हा ‘प्रसंग’ कशाला म्हणणार, तो आकडा 55 ठेवणार की 70, लक्षणांची नोंद आकडा न बघता घेणार की बघून, आणि मिश्र जेवणात नेमकं काय वाढणार (ज्वारीची भाकरी की भात, किती ग्रॅम), हे पहिल्या पानावर ठरवा. गोळीचं किंवा काढ्याचं नाव दुसऱ्या पानावर आलं तरी चालेल.